थिंगच्या शिळेवर

एका राज्यात, दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, थिंग नावाची सभा भरत असे. मोठ्या शिळेभोवती सारे गवतावर बसत, ज्याला जे सलत असेल ते तो बोले, आणि राजा सर्वांत शेवटी तोंड उघडी. पण एगिल राजाला ऐकून घेण्याचा भारी कंटाळा. गावची विहीर त्याने आपल्या बागेत घेतली, लोक कुरकुरू लागले, तशी त्याने सभाच मोडली.

डोंगरातला मांत्रिक संतापला. "ज्यांना तू बोलू देत नाहीस, ती माणसं म्हणून उरणार नाहीत!" सकाळी कुणी तिवई झाले होते, कुणी घागर. सभेची दवंडी देणाऱ्या म्हाताऱ्या तोराची लेक अस्ता लाकडी पळी झाली. तोराला तेवढे मांत्रिकाने वगळले. "थिंगचा मूळ अर्थ शोध, लेक परत मिळेल," तो म्हणाला.

तोराने पळी कमरेला खोचली. गुडघे आधीच गेले होते, तरी निघाली.

रानातला डोमकावळा म्हणाला, "थिंग म्हणजे वस्तू. कुठलीही." वस्तू तर तोराच्या कमरेला टोचतच होती.

तळ्यातला मासा म्हणाला, "त्याआधी थिंग म्हणजे निवाड्याला आलेली बाब. त्याआधी सभा."

"सभा मला ठाऊक आहे, बाबा. तिच्याही आधी?"

"ते शिळेलाच विचार."

म्हणजे पुन्हा गावापर्यंत पायपीट. तोरा इतकी थकली होती की तिला रडूही येईना.

शिळा म्हणाली, "सर्वांआधी थिंग म्हणजे ठरलेली वेळ. ती राजाने द्यायची."

तोराने सभेची वेळ मागितली, आणि तिवया-घागरींत एकट्या पडलेल्या राजाने ती मुकाट्याने दिली. तोराने साऱ्या वस्तू गवतावर मांडल्या. राजा बोलू लागला.

"महाराज, तुम्ही शेवटी," तोरा म्हणाली.

राजा गप्प बसला. बराच वेळ काहीच घडले नाही. मग पळी म्हणाली, "आमची विहीर परत द्या." आणि तिथे अस्ता उभी राहिली. मग घागर बोलली, तिवई बोलली. जो बोले तो माणूस होई. राजा ऐकत राहिला.

उरली तोरा. ती लेकीच्या मांडीवर गाढ झोपली होती. कुणी तिला उठवले नाही. तिचे बोलून झाल्याशिवाय राजाला बोलता येईना, म्हणून तोही बसून राहिला. उन्हे उतरली तेव्हा तोराने डोळे उघडले.

"तहान लागलीय," ती म्हणाली.

"विहीर गावाची," राजा म्हणाला, आणि पहिला पोहरा त्यानेच ओढून आणला.