मापातलं पाप

"मापात पाप कुणी केलं, उस्ताद? एवढंच सांगा."

उस्ताद बाबालाल शिकलगार सागवानाच्या तुकड्यावर रंधा मारत होते. हात थांबला नाही.

"बारा हाउसिंग पाठवलीत. बाराच्या बारा चार मिलिमीटर लहान. एक चुकलं तर चूक म्हणतात. बारा चुकली की चोरी म्हणतात."

"बस. भुसा हाय, झटकून बस."

"बसायला आलो नाही."

"मग उभ्यानं भांड."

विचारणारा भरतेश मगदूम. मूळ गाव हुपरी. सध्याचा मुक्काम अमेरिकेतलं मिशिगन, हुद्दा हॉलस्टेड मोटर्सचा उपाध्यक्ष. तिकडं त्याला बार्ट म्हणतात. तीस वर्षांपूर्वी, डिप्लोमा करताना, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ह्याच शेडमध्ये तो दोन सुट्ट्या उस्तादांच्या हाताखाली राबला होता.

उस्ताद पॅटर्न मिस्त्री. वाळूच्या साच्यात लोखंड ओतायचं, तर आधी त्या वस्तूचं लाकडी रूप करून ते वाळूत दाबावं लागतं. त्या रूपाला पॅटर्न म्हणतात. उस्तादांनी जन्मभर तेच केलं. वय अठ्ठ्याहत्तर. चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा.

आणि हाउसिंग म्हणजे ट्रकची मागची चाकं फिरवणारे गिअर ज्यात बसतात, तो ओतीव लोखंडी डबा. डबा चार मिलिमीटर लहान झाला की गिअर बसत नाहीत. गिअर बसले नाहीत की ट्रक नाही. आणि पंधरा दिवसांत ट्रक उभा राहिला नाही, तर हॉलस्टेड मोटर्सही नाही.

"कुणाचं काम बिघडवलंत, कल्पना आहे का तुम्हाला?" भरतेशनं विचारलं.

"सांग की."

भरतेशनं सांगितलं. हे त्यानं बऱ्याच सभांमधून सांगितलेलं होतं, त्यामुळे न अडखळता आलं.

घोडागाड्यांची चाकं बनवणाऱ्या लोहाराचा मुलगा, अमॉस हॉलस्टेड. गोठ्यात पहिली मोटार जोडली. मंदीत सगळे बुडाले, हा तगला. महायुद्धानंतर त्यानं 'बायसन' नावाचा ट्रक काढला. मिशिगनमध्ये शेतकरी वारला तर त्याची पेटी दफनभूमीपर्यंत बायसनमधून जायची. दुसरी गाडी आणली तर म्हातारीला राग यायचा.

"मग?"

"मग बुडाली."

"अशी कशी?"

"परदेशातून लहान गाड्या आल्या. पेट्रोल महागलं..."

"ते भाईरचं झालं. आतलं सांग."

भरतेशनं आवाज खाली आणला.

"दर तीन वर्षांनी नवी बायसन काढायचे. आधीच्या बायसनवरूनच. तीच गाडी. चार नट कमी, पत्रा जरा पातळ, चकाकी जास्त."

"आणि मानसं घेत हुती?"

"घेत होती... मग घेईनाशी झाली."

दिवाळं निघालं त्या वर्षी साहेबलोकांनी कामगारांच्या पगाराकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्रांनी ते बोट तसंच छापलं. पत्रा पातळ करायचा हुकूम कुठल्याही कामगारानं दिलेला नव्हता. हे भरतेशनं सांगितलं नाही. त्याच्या सभांमध्ये ते कुणी विचारतही नसे.

"मग आम्ही आलो," तो म्हणाला. आवाज चढला. "नवे मालक, नवी माणसं. तीन कारखाने विकले, एक राखला. चार हजार कामगार आहेत त्यात. आणि ठरवलं, पहिली बायसन पुन्हा काढायची. अस्सल. पंधरा दिवसांनी कोर्टानं नेमलेली माणसं येणार. त्यांच्यासमोर ती चालली तर कंपनी जिवंत. नाही चालली तर फाटकाला कुलूप, ते कायमचं. एका मेलेल्या कंपनीला मी उठवून बसवलंय, उस्ताद. आणि तुम्ही माझे चार मिलिमीटर खाल्लेत."

रंधा थांबला.

"मापात पाप कुणी केलं, म्हणून इचारतोस."

"हो."

"कुणीच केलं न्हाई. म्हणून तर बिघडलं."

...

"थट्टा करू नका, उस्ताद."

"तू धाडलेल्या मापांच्या फायलीवरनं पॅटर्न केला. केसाचा फरक न्हाई. ती फायल कशावरनं काढली?"

"मूळ पॅटर्नवरून. अमॉस हॉलस्टेडच्या काळातला आहे. हेड ऑफिसच्या दारातच काचेच्या पेटीत ठेवलाय. यंत्रानं कणाकणानं मोजून घेतला. त्यात चूक निघायची नाही."

"लाकडाचा हाय?"

"सोनेरी रंग दिलाय."

"रंगाखाली?"

"ते कुणी खरवडून पाहिलं नाही."

"उचलायला किती मानसं लागत्यात?"

"...दोन."

"सव्वा फुटाचा लाकडी पॅटर्न मी काखंत मारून बाजारला जाईन," उस्ताद म्हणाले. "पॅटर्न हाय असं तुला सांगितलं कुणी?"

"खाली पितळी पाटी आहे. 'जगातल्या सगळ्या ट्रकांचा पॅटर्न.'"

"पाटी कुणी लावली?"

भरतेशनं कपाळावरून हात फिरवला. पाटी जाहिरात खात्यानं लावली होती. त्यांना म्हणायचं होतं की जगानं ह्या ट्रकाचा कित्ता गिरवला. काचेच्या पेटीत होतं ते साधं ओतीव हाउसिंग. पहिल्या बायसनचं. रंग फासून देवासारखं बसवलेलं.

"त्यो पॅटर्न न्हवं, बाबा," उस्ताद म्हणाले. "पॅटर्नचं पोर हाय त्ये."

मग ते उठले. भिंतीच्या खिळ्यावरून एक पोलादी पट्टी काढली. दुसरी कोटाच्या खिशातून काढली. दोन्ही बारा इंची. दोन्ही शेजारी ठेवून डावीकडची टोकं जुळवली.

"वाच."

भरतेश वाकला. एक इंच, दोन इंच, तीन... आकडे जोडीनं चालले होते. पुढे पुढे एकाचा पाय मागे पडायला लागला. बाराच्या आकड्याशी पोचेपर्यंत खिशातली पट्टी एक सूत पुढे गेली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"ह्यातली खरी कुठली?"

भरतेशनं खिळ्यावरची दाखवली.

"हिनं दार मोज, खिडकी मोज. हिनं पॅटर्न मोजलास, तर लोखंड तुला फशिवणार. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून आमची पट्टीच खोटी. खोट्या पट्टीनं लाकूड घडवावं, तवा लोखंड खरं उतरतं."

"हे तुम्ही शिकवलं होतं..."

"व्हय. तू वहीत लिवून घेतलं हुतंस."

"वही अजून आहे माझ्याकडं."

"तर. त्यातच ऱ्हायलं त्ये."

भरतेश खिशातली पट्टी हातात घेऊन उभा राहिला. बायसनचं हाउसिंग एकदा आकसलेलं होतं. त्यावरून त्यानं पॅटर्न काढायला लावला. त्यातून ओतलेलं आणखी एकदा आकसलं.

"आणि ह्या बारावरनं पुढची काढली असतीस?" उस्तादांनी विचारलं.

"अजून लहान."

"त्यांच्यावरनं?"

"त्याहून लहान."

"काचंत मातूर सोनेरीच दिसलं असतं."

बाहेर हातगाडीवरून लोखंडाचे तुकडे गेले.

"मला विचारायचं नाही का तुम्ही?" भरतेश अचानक चिडून म्हणाला. "तुम्हाला दिसत होतं, तर एक पत्र टाकायचं! बारा हाउसिंग ओतून विमानानं धाडेपर्यंत गप्प बसलात?"

उस्तादांनी टेबलाचा खण ओढला. दोन कागद काढले. एक त्यांच्या पत्राची प्रत. हाउसिंग ओतणाऱ्या फौंड्रीच्या मालकाकडून इंग्रजीत टाइप करून घेतलेली, एकाच ओळीची: फाइलमधल्या मापात फुटाला एक सूत वाढ धरली आहे काय, ते कळवावं.

दुसरा कागद उत्तराचा. तोही एका ओळीचा: फाइलप्रमाणे करा, स्वतःची अक्कल चालवू नका.

खाली सही. बी. मगदूम.

भरतेशनं ती सही दोनदा वाचली.

"मी दिवसाला दोनशे कागदांवर सह्या करतो, उस्ताद."

"ही झ्याक आलीया. वळण चांगलं हाय."

भरतेश बसला. भुसा झटकायचं भान नव्हतं.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "नवा पॅटर्न, मग वाळू, मग ओतकाम, मग तिकडं जाऊन गिअर बसवायचे... नाही होत. संपलं, उस्ताद. चार हजार माणसांना काय सांगू? पाटी वाचली म्हणून सांगू?"

उस्तादांनी चप्पल घातली.

"ऊठ."

"कुठं?"

"भट्टीकडं."

भट्टीच्या अंगणात वाळूच्या साच्यांची रांग होती. शेवटच्या साच्यावर खडूनं फुली मारलेली. उस्तादांनी खूण केली तशी दोघा कामगारांनी साचा फोडला. काळी वाळू ढासळली. आत हाउसिंग. रात्रपाळीनं ओतलेलं.

"हे कुठल्या पॅटर्नचं?"

"माझ्या. खोट्या पट्टीचा. तुझं उत्तर आलं त्याच दिवशी लाकूड चिरलं."

"फौंड्रीच्या मालकांना विचारलंत?"

"इचारलं असतं तर नको म्हटला असता. तुझं पत्र खिशात घिऊन हिंडत हुता त्यो."

भरतेशनं बॅगेतून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि धावला. जबडे टेकवले. हात भाजला, शिवी तोंडातून निघाली, ती अस्सल हुपरीची. फुंकर मारून पुन्हा मोजलं. चेहरा उतरला.

"मोठं आहे! एक मिलिमीटर मोठं आहे, उस्ताद! आता हे जास्त झालं!"

उस्ताद उलट्या बादलीवर बसले.

"च्या सांगा रं दोन."

"उस्ताद, एक मिलिमीटर..."

"साखर किती घेतोस हल्ली?"

"साखर राहू द्या! मोठं आलंय म्हणतोय मी!"

उस्ताद त्याच्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिले. नुसतं बघत राहिले.

भरतेशनंही आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हाउसिंगकडे. त्याच्यावरची हवा अजून थरथरत होती.

"...गरम आहे," तो म्हणाला.

चहा आला. दोघं प्यायले. दुसरा आला, तोही प्यायले. भरतेशनं तीनदा घड्याळ पाहिलं आणि चौथ्यांदा ते काढून खिशात घातलं. उस्तादांनी भिंतीला डोकं टेकून एक डुलकी काढली. कामगार जेवून आले. ऊन अंगणाच्या ह्या कडेहून त्या कडेला गेलं. मधे एकदा भरतेश उठून हाउसिंगजवळ गेला, पण व्हर्नियर न उघडताच परत येऊन बसला.

शेवटी उस्तादांनी उठून हाउसिंगवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मोज."

भरतेशनं मोजलं. लांबी मोजली. रुंदी मोजली. बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग तो हसायला लागला. मोठ्यानं. हसता हसता वाळूत फतकल मारून बसला. परदेशी पँटची पर्वा केली नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं काळ्या हातांनी पुसलं, तोंडभर काजळी झाली.

"बसलं की वो, उस्ताद! तंतोतंत बसलं!" बार्टची बोली कुठल्या कुठं गेली होती. "आता बाराची बारा काढूया ह्याच्यावरनं! न्हाई न्हाई, ह्याच्यावरनं न्हाई... तुमच्या पॅटर्नवरनं! परवाच्या इमानात घालतो. चालतीया आता बायसन. चालतीया!"

"चालंल की. तिला काय धाड भरलीया?"

कामगारही हसले. कुणीतरी त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्याला.

"तुमच्या कारखान्यात पॅटर्नशॉप न्हवतं व्हय रं?" उस्तादांनी सहज विचारलं.

"होतं."

"मग हे इचारलं न्हाई कुणी तिथं?"

भरतेशनं भांडं खाली ठेवलं.

"विचारायला कुणी राहिलं नव्हतं. आल्या आल्या पहिल्या महिन्यात आम्ही ते बंद केलं. खर्च कमी करायचा होता. नऊजण होते. सगळे साठीच्या पुढचे. दिवसभर लाकूड तासत बसायचे. आम्हाला वाटलं, आता ह्यांचं काय काम..."

"हजेरीवरनं नावं कुणी काढली?"

भरतेश वाळूकडे बघत होता.

"मी."

...

मग तो उठला. उस्तादांच्या खिशातली ती पट्टी अजून त्याच्याजवळच होती. ती त्यानं दोन्ही हातांत धरली.

"उस्ताद, ही मला द्या. ऑफिसात टेबलावर ठेवीन. रोज डोळ्यांसमोर राहील."

उस्तादांनी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. सदऱ्याच्या टोकानं पुसली. कोटाच्या खिशात घातली.

"ही हितं लागती," ते म्हणाले. "तिकडं नऊजण हायत."