खुशालचेंडू आणि उधाणाची भरती

समुद्रकाठच्या एका गावात माणसं मुळातच बोलकी होती आणि त्या सगळ्यांहून बोलका असा एक खुशालचेंडू तिथे राहत होता. गावचे वैद्यबुवा म्हणायचे, "माणसं चार स्वभावांची असतात. एक तापट, एक झुरणारा, एक थंड आणि एक हसरा. चौथा बघायचा असेल तर आमचा हा बघा!" तो घरात आला की अबोला धरलेल्या जावासुद्धा एकमेकींना चहा विचारायच्या. त्याच्यावर रागावणं कुणाला जमत नसे, आणि कुणी रागावलेलं त्याला सोसत नसे.

पावसाळा तोंडावर आला की गावातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत. उधाणाच्या भरतीला पाणी वरपर्यंत चढलं की सगळं गाव दोराला लागे. पण नुसत्या ताकदीने होडी हलत नाही, सगळ्यांचा जोर एकदम लागावा लागतो. म्हणून एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे "हय्या हो!" करून ओढतात. ओळ म्हणावी ती खुशालचेंडूनेच. त्याच्याशिवाय दोराला हात लावायला कुणी राजी नसे.

त्या वर्षी एक विधवा मावशी त्याच्याकडे आली. तिची होडी लहान आणि जुनी होती. ती भाड्याने देऊन मावशीचं घर चाले. "बाबा, हिच्या फळ्या आता लाटा सोसायच्या नाहीत. या उधाणाला चढवशील ना?"

"हे काय विचारणं झालं, मावशी? सगळ्यांत आधी तुझीच!"

संध्याकाळी वाटेत शेटजी भेटले. त्यांची होडी गावात सगळ्यांत मोठी. ती चढवायला अख्खी भरती लागायची. शेटजी म्हणाले, "या उधाणाला माझी होडी घे. गड्यांना कोंबडी-वडे घालतो."

"हे काय विचारणं झालं, शेटजी? सगळ्यांत आधी तुमचीच!"

आणि तो शीळ घालत घरी गेला. मावशीला दिलेला शब्द त्याला आठवलाही नाही.

उधाणाच्या दिवशी किनाऱ्यावर एकच गोंधळ उडाला. मावशीने आपल्या होडीला दोर बांधला होता, शेटजींनी आपल्या. दोघंही म्हणत होती, "त्याने मला शब्द दिलाय." कोंबडी-वड्यांचा वास सुटला होता, त्यामुळे गडी शेटजींच्या बाजूला सरकत होते. भरती काही कुणासाठी थांबत नाही. पाणी उतरायची वेळ जवळ येत होती.

खुशालचेंडू नेहमीसारखा हसला. "अहो, भांडता कशाला? दोन्ही होड्यांचं लग्नच लावून देऊ!"

कुणीही हसलं नाही. मावशी तर त्याच्याकडे बघतही नव्हती. तिची नजर होडीवर होती. एकेक लाट होडीला खडकाकडे ढकलत होती. आज कुणीतरी रागावणारच होतं, आणि कुणी रागवायचं हे खुशालचेंडूलाच ठरवायचं होतं.

तो शेटजींपुढे उभा राहिला. "शेटजी, मी दोघांनाही 'आधी तुमचीच' म्हणालो. म्हणताना दोन्ही वेळा मनापासून म्हणालो, पण मन एवढं उदार असून चालत नाही. पहिला शब्द मावशीला दिलाय. आज तुमची होडी नाही."

"माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस!" शेटजी कडाडले.

त्याला ते फार लागलं. त्याने मान खाली घातली, मग मावशीचा दोर उचलला आणि खणखणीत आवाज लावला:

"एकच भरती दोघांना वाटली!"

गडी जागचे हलले नाहीत. एकट्या मावशीने "हय्या हो!" म्हटलं.

"वाटणाऱ्याला लाज वाटली!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. हसत हसत गडी दोराला आले, "हय्या हो!"चा गजर झाला आणि होडी वाळूवर चढली. मावशीने तिथेच बसून डोळे पुसले.

शेटजींची होडी तो पावसाळाभर पाण्यातच राहिली. नांगर मजबूत म्हणून ती वाचली, पण सुकाणू मोडलं. शेटजींनी वर्षभर खुशालचेंडूचं तोंड पाहिलं नाही. तो मात्र ते समोर दिसले की रोज रामराम घालत राहिला.

पुढच्या वर्षी शेटजी स्वतः त्याच्या दारी आले. "या उधाणाला घेशील का माझी होडी?"

खुशालचेंडू हसून म्हणाला, "नाही शेटजी, या वेळची भरती दुसऱ्याला दिलीय. पुढच्या उधाणाला तुमची, नक्की."

शेटजी घरी जाऊन बायकोला म्हणाले, "पुढच्या उधाणाला वडे कर. तो 'नक्की' म्हणालाय."

तात्पर्य: हसरा माणूस सगळ्यांनाच हवा असतो, पण ज्याला हसत 'नाही' म्हणता येतं, त्याच्याच 'हो'वर आपली होडी सोपवावी.