घागरीचा फास

एकदा एका मठात पाणी भरायचे काम एका शिष्याकडे होते, आणि ते तो मोठ्या तोऱ्यात करीत असे. घागरीच्या गळ्यात घालायचा सरकता फास त्याच्याइतका चोख कुणालाच जमत नसे. ओझे वाढेल तसा तो फास अधिक आवळत जाई. घागर कधी निसटली नाही. घरी धाकट्या भावालाही आपण असेच मुठीत ठेवले आहे, भिवा आता चकार शब्द उलटून बोलत नाही, असेही तो कौतुकाने सांगे.

एके दुपारी एक व्यापारी पाणी काढताना तोल जाऊन विहिरीत पडला. शिष्याने तोच दोर खाली सोडला, फास काखेतून घ्यायला सांगितले आणि गुरुजींच्या मदतीने ओढू लागला. व्यापारी जिवाच्या आकांताने ओरडत होता. अर्ध्यावर आला आणि गप्प झाला. चला, बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडला, असे शिष्याला वाटले.

तोच गुरुजी म्हणाले, "दोर खाली सोड."

शिष्य पार गोंधळला. हाती आलेला माणूस पुन्हा खाली सोडायचा? गुरुजींना वयामुळे काही सुचेनासे झाले, की आपलेच काही चुकले? पण गुरूची आज्ञा मोडवेना. त्याने दोर ढिला केला. व्यापारी थोडा खाली, पुढे आलेल्या एका दगडी टप्प्यावर टेकला. फास सैलावला, तसा तो जोरजोरात खोकू लागला.

गुरुजींनी त्याला फास अंगातून काढायला सांगून दोर वर घेतला, फास उलगडला आणि ते शांतपणे न सरकणारी निरगाठ मारू लागले. शिष्याला तर एकेक क्षण जड झाला होता. या खेपेला व्यापारी सबंध वाटभर दोघांना शिव्या हासडत वर आला.

त्याच्या छातीभोवती काळानिळा वळ उमटला होता. तो पाहून शिष्याचे तोंड उतरले.

गुरुजी म्हणाले, "घागरीला श्वास घ्यायचा नसतो, म्हणून तिला तुझा फास चालतो. जिवंत माणसाला धरताना थोडी जागा सोडावी लागते. तो गप्प झाला तेव्हा तुला हायसे वाटले. मला मात्र भीती वाटली."

संध्याकाळी शिष्याने गुरुजींकडे घरी जाण्याची परवानगी मागितली.

"दोन वर्षे झाली, भिवा गप्प आहे," तो म्हणाला.