उंबरहट्टीच्या धोंड्यावरची रेघ

मला आधी एक सांगा, पाव्हणं. चेंडू गोलात गेला की नाही, याबाबत विश्वास कुणावर ठेवाल? शिटी वाजवणाऱ्यावर, की ज्याच्यावर गोल झाला त्याच्यावर? उंबरहट्टीने याचं उत्तर फार पूर्वी देऊन टाकलंय. माळाच्या कडेला तो कमरेइतका काळा धोंडा दिसतोय ना, चुन्याच्या बोटांनी पांढरा झालेला, तेच ते उत्तर.

हा खेळ जगात जन्मला कुठं, यावर पुष्कळ वाद आहेत. चीनमध्ये म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी पिसं भरलेला कातडी चेंडू पायाने उडवत. विलायतेत गावच्या गाव एका चेंडूमागे धावे, ओढा आडवा आला तर ओढ्यातून. पुढे तिथल्या शाळांनी नियम केले, तेही शाळेगणिक निराळे. पंच असा नसायचाच. दोन कप्तान आपसात मिटवायचे. उंबरहट्टीत हा खेळ आला तो कालव्याच्या कामावरच्या साहेबांबरोबर.

साहेबांचा चेंडू बाभळीच्या काट्यावर फाटला आणि शिवायला दौलू सातपुत्याकडे आला. दौलू वहाणा शिवायचा. चामड्यातला जाणता माणूस माल उलटा करून बघतो. दौलूनेही टाके उसवून चेंडूच्या पाकळ्या मोजल्या, आतला फुगा चाचपला आणि महिन्याभरात तसाच चेंडू स्वतः शिवला. त्यावर तालमीची पोरं अनवाणी खेळायला शिकली. दौलू मात्र बांधावर बसून बघायचा. माळावर यायची त्याला मुभा नव्हती.

साहेबांनी सामना लावला तेव्हा तालमीची पंचाईत झाली. लाथ मारायला सगळे तयार. पण गोलात उभं राहून ते कातडं हातात धरायचं, छातीशी घ्यायचं कुणी? एकेकाने अंग काढलं. शेवटी कप्तान आनंदराव इंगळे दौलूच्या दारात आला.

"सातपुते, तू उभा राहा गोलात. तुझ्या हाताला काय, सवयीचंच आहे."

"आणि तुमच्या पायात वहाणा आहेत त्या कापसाच्या काय, आनंदराव?"

आनंदराव ओशाळला, पण अट घालायला विसरला नाही. एक जरी गोल झाला, तर दौलूने पुन्हा माळावर पाय ठेवायचा नाही.

सामना दौलूच्याच चेंडूवर सुरू झाला. पूर्वार्धात आनंदरावाचा फटका साहेबांच्या खांबांमधून आत गेला. जाळी तेव्हा नव्हती. त्यांच्या गोलात कॅलन नावाचा ओव्हरसियर होता. त्याने चेंडू मागून ओढून घेतला, आणि पंच, तोही साहेबांचाच, म्हणाला की आत गेलाच नाही.

उत्तरार्धात तेच दौलूच्या वाट्याला आलं. चेंडू हातातून निसटून रेघेच्या वीतभर आत टेकला. धुरळा एवढा, की कुणालाच दिसलं नाही. दौलूने तो छातीशी ओढला. पंचाने मान हलवली, गोल नाही. फिट्टंफाट झाली म्हणून गाव खूश.

दौलू मात्र, असं सांगतात, चेंडू काखेत मारून चालत सुटला तो थेट या धोंड्यापाशी. कनवटीची तंबाखूची डबी काढली, अंगठ्यावर चुना घेतला आणि धोंड्यावर एक उभी रेघ ओढली.

"आत गेला होता. माझ्यावर गोल झालाय."

आनंदराव धावत आला. "खुळा का काय तू? पंच नाही म्हणतोय."

"पंच लांब होता. मी तिथं होतो."

"अट ध्यानात आहे ना? मग नीघ."

"निघतो की. आधी त्यांची रेघ होऊ दे."

आणि चेंडू मांडीखाली घेऊन तो धोंड्याशी बसला. पंचाने शिट्या फुंकून गाल दुखवून घेतले. मोठ्या साहेबाने आधी दरडावलं, मग बक्षीस देऊ केलं. दौलूचं एकच म्हणणं: "माझी रेघ मी ओढली. ज्याची त्याने ओढावी."

उन्हं कलली तेव्हा कॅलन एकटाच चालत आला. कुणाकडे न बघता त्याने डबीत बोट घातलं आणि पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला म्हणे, "माझ्या आज्याच्या गावात पंच नव्हता. असंच चालायचं."

सामना एक-एक सुटला. अट ती अट, म्हणून दौलू माळ उतरून गेला, चेंडूसकट. दोन रविवार तालीम नुसती बैठका मारत बसली. तिसऱ्या रविवारी आनंदराव पुन्हा त्याच्या दारात.

"चेंडू दे, सातपुते."

"देतो. पण माझ्या हातून तुमच्या हातात. दहाही जणांनी दोन्ही हातांनी घ्यायचा, छातीशी धरायचा, मग पुढच्याला द्यायचा. तसं होणार असेल तर मी गोलात येतो. नाहीतर चेंडूही नाही आणि मीही नाही."

आनंदरावाने एकदा आपल्या वहाणांकडे बघितलं म्हणतात. मग त्याने हात पुढे केले.

आजही या माळावर सामन्याआधी चेंडू बावीस जणांच्या हातांतून फिरतो, आणि पहिला हात सातपुत्यांच्या घरचा असतो. आजही पंच काहीही म्हणो, ज्याच्यावर गोल झाला त्याने स्वतः रेघ ओढल्याशिवाय इथं गोल धरत नाहीत. उद्या तुमचाही संघ इथं उतरणार आहे. डबी धोंड्याच्या खोबणीत ठेवलेली असते, चुना ताजा असतो. आमच्यावरचे गोल आम्ही मोजू. तुमच्यावरचे तेवढे तुम्ही मोजा, पाव्हणं, आणि हिशेब चोख ठेवा.