राजाचं पोट आणि वैद्यबुवांची थैली

"माझ्या पोटाला राज्यातलं सगळ्यांत महागडं औषध हवं!" दुंदुभीराजा गरजला. "आणि तेही तुझ्याच थैलीतून!"

नरहर वैद्यांच्या बोटांखालची राजाची नाडी सुटलीच!

त्याचं असं झालं होतं. गेल्या पाडव्याला राजानेच नवा कायदा केला. प्रत्येक पेठेच्या वैद्याला वर्षाला मोहरांची एक थैली. काढे, पथ्याची पेज, हाड बसवणारा, सुईण, जे लागेल ते वैद्याने आपल्या अकलेने त्यातूनच विकत घ्यायचं. वर एक मोहर मिळणार नाही. आणि एक जरी रोगी औषधावाचून परत गेला, तर वैद्याची गाढवावरून वरात! कायदा तसा बरा होता. फक्त राजवाडाही नरहर वैद्यांच्याच पेठेत येतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"महाराज, मोत्यांचं भस्म आणलं तर थैली आजच रिकामी होईल. पेठेत खोकल्याची साथ आहे, लेकरं..."

"मीही रोगीच! सात दिवसांत बरा कर! आणि लेकरांनाही परत पाठवायचं नाही!"

वैद्यबुवा घरी आले आणि थेट खाटेवर आडवे झाले. त्यांच्याकडे औषधं कुटणारी म्हाळसा अडुळशाची पानं निवडत बसली होती. सोमवारचा उपास, पण चेहरा कसा टवटवीत!

"काय झालं, बुवा?"

"एखादं गरीब गाढव बघून ठेव."

सगळं ऐकून म्हाळसाने विचारलं, "पण महाराजांना होतंय तरी काय?"

"काय व्हायचंय! सकाळी बासुंदी, दुपारी श्रीखंड, संध्याकाळी पुन्हा बासुंदी. पोटाचा नगारा झालाय. भूक नाही, झोप नाही. दिवसभर लोडाला टेकून नुसतं ओरडायचं!"

"एवढंच ना? मग देवाला हात जोडा आणि महाराजांना माझ्यावर सोपवा."

दुसऱ्या दिवशी म्हाळसा राजासमोर उभी राहिली. "औषध मिळालं, महाराज. सगळ्यांत महागडं! पण त्याबरोबर सात दिवस मौनव्रत हवं. बोलून बोलून पोटात वारा शिरतो."

"हॅ! आण पाणी!"

राजाने ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला. पाणी ताम्हनात पडलं मात्र, म्हाळसाने टरफलासकट भाताने भरलेलं उखळ आत आणवलं आणि राजाच्या हातात मुसळ दिलं.

"हूं?" राजाच्या भुवया मुकुटात शिरल्या.

"औषध कांडल्याशिवाय निघत नाही, महाराज. आणि जो कांडतो त्यालाच लागू पडतं."

"हूंऽऽ!" राजाने मुसळ जमिनीवर आपटलं.

"हं, अस्संच! फक्त उखळात!"

दरबाऱ्यांनी शेले तोंडात कोंबले. पाणी सोडून घेतलेलं व्रत, मोडायचं कसं? राजा कांडू लागला.

व्रताच्या दुसऱ्या दिवशी त्याने खुणेने बासुंदी मागितली. हातांनी वाटी केली, बोटं चाटून दाखवली.

"खरंय, महाराज. उखळ अगदी एवढंच गोल आहे!" म्हाळसा म्हणाली आणि मेतकूट घातलेली पेज पुढे केली.

तिसऱ्या दिवशी राजाने पेजेचं भांडं बोटाने पुसून खाल्लं. चौथ्या दिवशी मुसळाला मिठी मारून भरदुपारी घोरला. पाचव्या दिवशी भाताची दुसरी टोपली स्वतःच ओढून घेतली! इकडे कांडलेले तांदूळ वैद्यबुवांच्या घरी जात होते. लेकरांना ऊन ऊन पेज मिळत होती, आणि थैलीतल्या मोहरा मध-ज्येष्ठमधाला पुरून उरत होत्या.

सातव्या दिवशी व्रत सुटलं.

"म्हाळसे!" राजा असा ओरडला की कबुतरं उडाली. "भात होता तो! निव्वळ भात! मला पहिल्याच दिवशी दिसला होता!"

"पोट कसंय, महाराज?"

राजाने चाचपून पाहिलं. जागेवर होतं, पण निम्मं. "पोट झकास आहे! प्रश्न पोटाचा नाही! मी सगळ्यांत महागडं औषध मागितलं होतं! ते कुठंय?"

वैद्यबुवांनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला.

"तेच तर दिलं, महाराज!" म्हाळसा म्हणाली. "मोती काय, एखादा सावकारही विकत घेईल. पण राजाचा घाम? तुमच्या सात पिढ्यांत त्याचा एक थेंब तरी कोणी पाहिलाय का? सगळा खजिना ओतला तरी बाजारात मिळायचा नाही!"

मग राजाचं निम्मं पोट हललं, गदगदलं, आणि तो उखळाला धरून खो खो हसत सुटला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून म्हाळसाला दिलं.

"आजपासून राजवाड्याची थैली वेगळी! वैद्यबुवांच्या थैलीला मी हात लावणार नाही!"

म्हाळसाने नमस्कार केला आणि उखळ उचलायला गडी बोलावले.

"ए, ए! ते कुठे नेताय?" राजा मुसळ छातीशी धरून ओरडला. "माझं आजचं कांडण व्हायचंय अजून!"