पुसलेल्या रेघांचं घर

"दादा, घराचं दार कुठं ठेवायचं, हे कसं कळतं?"

गोंदा गवंड्याने हा प्रश्न आपल्या थोरल्या भावाला तीनदा विचारला होता. तिन्ही वेळा हैबतदादा हसला आणि म्हणाला, "आधी चुना नीट मळ!" चौथ्यांदा विचारायच्या आत दादाला ताप भरला आणि तीन दिवसांत दादा गेला. मग गोंदाने इतर गवंड्यांना विचारलं. कुणी म्हणालं नकाशा बघ, कुणी म्हणालं मालकाला विचार. खरं उत्तर काही कुणी दिलं नाही.

महिनाही झाला नव्हता, तोच बोरवंडीच्या मानाजीराजांनी सगळ्या गवंड्यांना गडावर बोलावलं. राजांना गडाखाली कुटुंबापुरतं नवं घर बांधायचं होतं. पण घरात माणसं तीन आणि नकाशेही तीन! राजांना हवी चारी बाजूंनी जाड भिंतींची सदर, म्हणजे कामात कुणाची कटकट नको. राणीसाहेबांना हवं बंदिस्त स्वयंपाकघर, म्हणजे कुणाची लुडबुड नको. आणि आईसाहेबांना हवं एकांतातलं देवघर, म्हणजे जपात कुणाचा आवाज नको.

"तिघांतून एक घर ठरवा," राजे म्हणाले, "पण तिघांनाही आपलाच नकाशा जिंकला असं वाटलं पाहिजे!"

गवंडी एकेक करत मागे सरकले.

"हात्तिच्या! एवढंच?" गोंदाच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

राजांनी भुवई उंचावली. "हैबतीचा धाकटा ना तू? तुझ्या भावाला घर बांधायला विहिरीजवळची जागा देऊ केली होती आम्ही. चार दिवसांत जमवलंस तर ती तुझ्या वहिनीची. नाही जमलं तर कामावरची झोपडीही रिकामी कर!"

घरी पारूवहिनीने हे ऐकून कपाळावर हात मारला. "भावजी, दोन यत्ता शिकलात. त्यातली एक तरी गप्प बसायची असती तर!"

गोंदा झोपडीत शिरू लागला, तशी ती ओरडली, "जपून! कडेनं या!"

दाराच्या आत जमिनीवर दोन पावलं उमटलेली होती. ताप भरायच्या आदल्या दिवशी कामाला निघालेला दादा भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा विसरला म्हणून ओल्या सारवणावरून परत आत आला होता. वहिनी तेव्हा त्याच्यावर केवढी चिडली होती! त्यानंतर तेवढी जागा तिने सारवली नव्हती.

गोंदा त्या पावलांपाशी उकिडवा बसला. मग एकदम उठून पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडाखालच्या माळावर मोठा मांडव उभा होता. खाली तिन्ही घरं एकाच जागेवर, खऱ्या मापात आखलेली! राजांचं पांढऱ्या फक्कीने, राणीसाहेबांचं गेरूने, आईसाहेबांचं पिवळ्या मातीने.

"तीन दिवस इथं राहायचं," गोंदा म्हणाला. "आपल्या रंगाची रेघ म्हणजे आपली भिंत. आत-बाहेर फक्त दारानं! दुसऱ्यांच्या रेघा पाय उचलून ओलांडा."

"त्यात काय अवघड?" राजे म्हणाले आणि सदरेत ऐटीत बसले.

तासाभरात तव्यावर थालीपीठ पडलं. सदरेचं दार पार पलीकडे होतं. राजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ चुलीकडे निघाले.

"महाराज, भिंत!" गोंदा ओरडला.

"कुठंय?"

"आत्ता होती!"

आईसाहेब डोळे मिटून जप करत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. "अगं, मीठ बेतानं!" म्हणत माळेसकट पिवळ्या भिंतीतून त्या चुलीपाशी पोचल्या. राणीसाहेब मात्र आपल्या बंद स्वयंपाकघरात ठाम होत्या. दुपारी सदरेत मायलेक काहीतरी कुजबुजून हसले, आणि उलथनं हातात घेऊन राणीसाहेब लाल भिंतीतून बाहेर!

"माझ्याबद्दलच चाललंय ना?"

तिसऱ्या दिवशी तर कुणी भिंतींचं नावच काढलं नाही. राजे चुलीजवळ पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते आणि आईसाहेब त्यांनी सोललेल्या पुन्हा निवडत होत्या.

संध्याकाळी गोंदाने मांडव उतरवला आणि तिघांना बुरुजावर नेलं. वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. सदर, चूल आणि देवघर यांच्या मधल्या रेघा पुसून गेल्या होत्या. रस्त्याकडची पांढरी भिंत शाबूत होती, परसाकडची लाल आणि देवामागची पिवळीही.

"जी रेघ उरली ती भिंत," गोंदा म्हणाला. "जिथं पुसली तिथं दार. मी काही ठरवलं नाही महाराज, तुमच्या पायांनी ठरवलं!"

"बघा, परसाकडची भिंत लालच आहे," राणीसाहेब म्हणाल्या. "माझाच नकाशा!"

"आणि देवामागची पिवळी दिसत नाही वाटतं?" आईसाहेब म्हणाल्या.

"दर्शनी भिंत कुणाची आहे, ते बघा आधी!" राजे गरजले आणि मधेच थांबले. "अरे! म्हणजे तिघंही जिंकलो की! पण काय रे, सगळ्यात जास्त भिंती कुणी पाडल्या?"

गोंदाने राजांच्या पांढऱ्याफटक पावलांकडे पाहिलं आणि या वेळी मात्र तोंड गच्च मिटून घेतलं.

राजांनी खाली वाकून पाय पाहिले आणि पोट धरून हसत सुटले. विहिरीजवळची जागा तर दिलीच, वर घरापुरता दगड आणि चुनाही दिला.

पावसाळ्याआधी गोंदाने एकट्याने वहिनीच्या घराच्या भिंती उभ्या केल्या. एक बाजू मोकळी राहिली होती.

"दार कुठं ठेवायचं भावजी?" वहिनीने विचारलं.

 गोंदा झोपडीत गेला. थापीने दादाची दोन पावलं मातीच्या थरासकट अलगद सोडवली, फळीवर घेतली आणि डोक्यावरून जपत आणली. विहिरीकडच्या त्या मोकळ्या बाजूला उंबरा बसवला आणि त्याच्या आतल्या अंगाला पावलं ठेवली. अंगठे घराकडे केले, आत येणारे.