झऱ्याचा कोपरा

मंजुळीची आई चटया विणायची, गावाबाहेरच्या पाणथळीतल्या हिरव्यागार लव्हाळ्यांच्या. पण पाणथळीचा मालक भुजंगशेट एक दिवस गरजला, "उद्यापासून लव्हाळं कापायचं नाही! इथं भराव घालून मी बंगले बांधणार." झालं! आईचं काम बुडालं आणि ती दूर वीटभट्टीवर निघून गेली. जाताना म्हणाली, "लवकर येते हं, राणी." मोठ्यांच्या 'लवकर'ला काही धरबंध असतो का हो? इवलीशी मंजुळी गोदामावशीकडे राहून रोज वाटेकडे बघायची.

गोदामावशी होती पाणथळ राखणाऱ्या मंडळाची पुढारी. पाणथळ विकत घ्यायची आणि तशीच राखायची, म्हणून मंडळानं घरोघर वर्गणी गोळा केली होती. पण भुजंगशेट विकेल तर शपथ!

एका सोनेरी सकाळी मंजुळीला कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला चिमुकला चतुर दिसला. तिनं तो अलगद सोडवला. आणि काय सांगू, तो चतुर नव्हताच मुळी! लव्हाळ्याच्या शेंड्यावर बसली होती बोटाएवढी परी. निळेजांभळे पंख, गुलाबी झगा, अंगभर चमचम.

"दोन मागण्या देते हं, सोनुले," परी म्हणाली. "पहिली सगळ्यांसाठी. बोटानं दाखवशील तेवढंच मिळेल. ती पुरी झाली की दुसरी, तुझ्या एकटीची. तिसरी मात्र नाही."

मंजुळीनं बोट फिरवलं. गुलाबी कमळं, पांढरे बगळे, लखलखतं निळं पाणी. "हे सगळं मंडळाला मिळू दे."

दुसऱ्याच दिवशी भुजंगशेट विकायला तयार झाला. हद्द बघायला मंडळ निघालं ते नवीकोरी लुगडी आणि पांढरीशुभ्र धोतरं नेसून! पलीकडच्या कोपऱ्यात काळा चिखल, काटेरी झुडपं आणि डासच डास. "ती घाण राहू दे शेटलाच," गोदामावशीनं नाक मुरडलं. अहो, त्या घाणीतच तर झरा होता! सगळं पाणी तिथूनच यायचं. मंजुळीनंही तिकडे बोट दाखवलं नव्हतं, पण ती पडली लहान. या मोठ्यांचे डोळे कुठे गेले होते?

शेटनं झऱ्यावर ट्रकनं माती ओतायला सुरुवात केली. पाणी आटलं, कमळं काळवंडली. पाणथळ विकत घेऊन मंडळाच्या थैलीत उरले होते जेमतेम चार पैसे. सगळे एकमेकांवर खेकसत बसले, दुसरं काय करणार?

मंजुळी धावत परीकडे गेली. परीचे पंख फिकटले होते.

"माग गं तुझी मागणी," परी हळूच म्हणाली. "आईला आणू ना?"

"आत्ता येईल?"

"डोळे मिटून उघडेपर्यंत."

मंजुळीनं डोळे मिटले. पायाशी काहीतरी फडफडलं. चिखलात एक इवलासा मासा तोंड उघडत होता, मिटत होता. तिनं त्याला ओंजळीत घेतलं, पण सोडायला पाणीच कुठे होतं? तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तो झऱ्याचा कोपरा मंडळाला मिळू दे," ती म्हणाली आणि भोकाड पसरून रडली.

त्याच दुपारी शेटचे ट्रक चिखलात असे रुतले की हलता हलेनात. वैतागून त्यानं तो कोपरा मातीमोल भावानं मंडळाला विकून टाकला. माणसांनी माती उपसली आणि झरा खळखळू लागला. गावभर पेढे वाटले, गोदामावशीच्या गळ्यात हार पडला. मंजुळीला कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी परी आली, पुन्हा झगमगती. "तू फार गुणाची आहेस, सोनुले. हे तुझं बक्षीस." तिनं मंजुळीच्या तळहातावर एक चमचमतं निळं पीस ठेवलं.

"यानं आई येते?"

परीनं मान खाली घातली. "नाही गं."

मग सोनेरी उजेड झाला आणि त्या उजेडात परी विरून गेली. मंजुळी वाटेकडे तोंड करून काठावर बसली. पाणी हळूहळू वर येत होतं. तिनं ते पीस पाण्यावर सोडून दिलं.